‘ती तर पदकं आणतेय, मग आजार कसला?’

सिंधुदुर्गातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या क्रीडाशिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांची सतरा वर्षांची विद्यार्थिनी 3000 मीटर धावते, विभागीय स्पर्धेपर्यंत पोचली आहे. गेले काही महिने ती डबा कुणासमोर उघडत नाही. नडगी दुखते म्हणते, पण एक दिवस सुट्टी घे म्हटलं तर रडायला लागते. पाळी बंद असल्याचं तिच्या मैत्रिणीने एका बाईंच्या कानावर घातलं. हा खाण्याचा आजार, म्हणजे ईटिंग डिसऑर्डर असेल का, अशी शंका सरांनी स्टाफरूममध्ये काढली तेव्हा सगळे हसले. ती काही काडी झालेली नाही, हे मुंबईच्या मुलींचे चोचले, आणि पदकं आणणारी मुलगी आजारी कशी असेल? वडिलांचं म्हणणं, वजन उतरलं म्हणून तर टायमिंग सुधारलं. सरांना दोन धास्ती आहेत: विषय काढला तर मुलीचं नाव खराब होईल, आणि तिचं धावणं कायमचं बंद होईल.

सर, तुमची शंका रास्त आहे. हा आजार आहेच असं मी इथे बसून म्हणणार नाही, ते तपासल्याशिवाय कुणीच म्हणू नये. पण स्टाफरूममध्ये जी तीन कारणं सांगून तुम्हाला गप्प केलं, त्यातलं एकही टिकणारं नाही. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, रत्नागिरी-चिपळूण पट्ट्यात बरीच वर्षं काम करतोय, आणि धावणारी मुलंमुली माझ्याकडे बहुधा उशिराच पोचतात. उशीर होण्याचं कारण दर वेळी जवळपास सारखंच असतं. मैदानावर ज्या गोष्टींचं कौतुक होतं, त्याच गोष्टी मी केसपेपरवर लक्षणं म्हणून लिहितो. गोड सोडलं, तेलकट सोडलं, पावसातही धावायला गेली, दुखत असूनही थांबली नाही. असल्या मुलीला वर्गासमोर उभं करून ‘हिच्याकडून शिका’ असं सांगतात. मग तिला विचारणार कोण?

आधी ‘काडी’चं बघू. खाण्याचा आजार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हाडांचा सापळा येतो. ते खाणं तोडत जाऊन वजन उतरवत राहण्याच्या एका आजाराचं, अ‍ॅनोरेक्सियाचं, शेवटच्या टप्प्यातलं रूप. बुलिमियात, म्हणजे भसाभस खाऊन मग ओकून किंवा उपाशी राहून किंवा बेदम पळून ते ‘फेडण्याच्या’ आजारात, वजन बहुतेक वेळा चारचौघांसारखंच असतं. 2013 साली मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकी पुस्तिका बदलली, तेव्हा भरपूर वजन उतरलेलं पण अजून ‘नॉर्मल’च्या रेषेत असलेल्या रुग्णांसाठी ‘अटिपिकल अ‍ॅनोरेक्सिया’ असं वेगळं नाव आलं. नाव सौम्य वाटलं तरी प्रकार सौम्य नाही. नाडी मंदावणं, चक्कर, पाळी जाणं हे सगळं त्यातही होतं. शिवाय तुमची मुलगी सतरा वर्षांची आहे. या वयात वर्षभर वजन वाढलंच नाही, तरी ती घट धरायची. तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘ती कुठे बारीक आहे’ म्हणालं, तर दोन वर्षांपूर्वीच्या वजनाची नोंद काढा. शाळेच्या आरोग्य तपासणीत ती सापडते. तिच्या अंगकाठीची तुलना तिच्याच जुन्या आकड्याशी करायची, वर्गातल्या दुसऱ्या मुलीशी नाही.

आता पदकांचं. वजन उतरल्यावर सुरुवातीचे काही महिने टायमिंग खरोखर सुधारतं, वडील खोटं बोलत नाहीत. तेवढंच हृदय, तेवढंच फुप्फुस, वाहायचं ओझं दोन-तीन किलोंनी कमी. आजाराला पाय रोवायला याहून चांगली जमीन नाही: उपाशी राहिलं, पदक मिळालं, सगळ्यांनी पाठ थोपटली. नंतर शरीर हिशेब लावायला घेतं. खाल्लेल्यातून धावण्याचा खर्च वजा जाता जे उरतं, त्यावर हृदय, हाडं, हार्मोन, प्रतिकारशक्ती, मेंदू असं सगळं चालवायचं असतं. उरलेलं पुरेनासं झालं की शरीर ज्याच्याशिवाय आजचा दिवस निघेल ते आधी बंद करतं. पाळी थांबते. हाडांची डागडुजी मागे पडते. थंडी जास्त वाजते, जखम भरायला वेळ लागतो, सर्दी हटत नाही. 1992 पासून डॉक्टर याला ‘फीमेल अ‍ॅथलीट ट्रायड’ म्हणत आले, म्हणजे कमी पडणारं खाणं, गेलेली पाळी आणि ठिसूळ हाडं असं खेळाडू मुलींमधलं त्रिकूट. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याची व्याप्ती वाढवून ‘रेड-एस’ (खेळात शरीराला पडणारी ऊर्जेची तूट) असं नाव दिलं, कारण एक तर यात तीनच गोष्टी बिघडत नाहीत, आणि दुसरं म्हणजे हे पुरुषांनाही होतं.

अमेरिकेची मेरी केन 2013 साली सतराव्या वर्षी मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत 1500 मीटरच्या अंतिम शर्यतीत धावली. 2019 मध्ये तिने जाहीरपणे सांगितलं की नावाजलेल्या प्रशिक्षण केंद्रात तिच्यावर सतत वजन कमी करण्याचा दबाव होता, तीन वर्षं पाळी आली नाही आणि पाच हाडं मोडली. जगातली उत्तमातली उत्तम यंत्रणा दिमतीला असताना कुणाला ते दिसलं नाही, म्हणजे दिसत असून आजार वाटला नाही. तेव्हा आपल्या तालुक्याच्या मैदानावर ते नजरेतून सुटलं याचं मला आश्चर्य वाटत नाही.

‘मुंबईच्या मुलींचे चोचले’ हे वाक्य मी सर्वांत जास्त ऐकतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या मुली तर याच पट्ट्यातल्या असतात. त्याची दुसरी बाजू अशी की कमी खाणारी प्रत्येक मुलगी आजारी नसते, आणि हा फरक करता आला नाही तर उगाच भलत्या मुलीला शिक्का बसतो. म्हणून थोडा हिशेब मांडतो. समजा मुलगी 46 किलोची आहे आणि चरबी सोडून तिचं वजन साधारण 37 किलो. व्यायामाचा खर्च बाजूला काढून त्या प्रत्येक किलोमागे दिवसाला 45 च्या आसपास कॅलरी उरल्या तर सगळं सुरळीत चालतं; 30 च्या खाली गेलं की बहुतेकींचे हार्मोन डगमगायला लागतात. 30 ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही, कुणाचं आधी बिघडतं, कुणाचं नंतर. 37 ला 45 ने गुणलं तर 1665. धावण्याला किलोमागे किलोमीटरला साधारण एक कॅलरी लागते, म्हणजे दहा किलोमीटरचे 460. एकूण झाले 2100 च्या वर. आता आपल्याकडच्या मुलीचा दिवस बघा. पहाटे कोरा चहा नि दोन बटर, धावणं, घरी येऊन आंघोळ, एसटी पकडून कॉलेज, डब्यात दोन चपात्या नि भाजी तीही दीडला, संध्याकाळी पुन्हा सराव, रात्री भात, आमटी, असलाच तर बांगड्याचा तुकडा. हे बाराशे-तेराशेच्या पुढे क्वचितच जातं. तिला कसलाही मानसिक आजार नसतो, जाडीची भीती नसते, तिचं खाणं फक्त कमी पडतं. पाळी तिचीही जाऊ शकते, हाड तिचंही तडकू शकतं.

अशी मुलगी आणि खरोखर आजार असलेली मुलगी या दोघींत फरक ओळखायला माझ्याकडे एक साधी रीत आहे: खायला वाढवून बघायचं. धावून आल्या आल्या तिच्या हातात वाटीभर पेज नि वर तूप द्या, दोन केळी द्या, नाचणीचा लाडू द्या, आणि सांगा, आजपासून सरावाचा हा भागच. जिचं नुसतंच कमी पडत होतं, ती खाते. पंधरा दिवसांत ती दुसरा लाडू मागते. दुसरी मुलगी मात्र आधी कारण सांगते, मग लाडू रुमालात गुंडाळते, मग त्या लाडवाचा हिशेब चुकवायला मैदानाला चार फेऱ्या जास्त मारते, आणि तुम्ही फारच मागे लागलात तर तुमच्याशी बोलणं टाकते. आजार किती किलोत आहे ते काट्यावर दिसत नाही. तिने स्वतःला घातलेला नियम मोडायची वेळ आली की तिचं काय होतं, त्यात तो दिसतो. ‘एक दिवस सुट्टी घे म्हटलं तर रडते’ असं तुम्ही लिहिलंत ना, माझं लक्ष नडगीपेक्षा तिथे जास्त गेलं.

आपल्या घरांत हा नियम लपवायला उपवासासारखी सोय दुसरी नाही. सोमवार असतो, संकष्टी असते, मार्गशीर्षातले गुरुवार असतात, आणि उपास करणाऱ्या मुलीला खा म्हणून आग्रह करणं म्हणजे पाप. एक मुलगी माझ्याकडे आली होती (ओळख पटू नये एवढे तपशील बदलून सांगतोय). तिने सोमवारपासून सुरुवात करून आठवड्यातले चार वार धरले होते. आजी कौतुकाने सांगत होती, आमच्या घरात एवढं सोवळं कुणी केलं नाही. मी आजीला एकच विचारलं: उपासाला ती साबुदाण्याची खिचडी खाते का? वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी? आजी विचारात पडली. कारण आपल्याकडचा उपास काही उपाशी राहणं नसतो, बऱ्याचदा रोजच्यापेक्षा दोन घास जास्तच पोटात जातात. ही मुलगी खिचडीचं नाव काढलं की ‘पित्त होतं’ म्हणायची, नि उपास सोडायची वेळ आली की झोपून जायची. वार विचारू नका, खिचडी विचारा, असं मी तेव्हापासून सगळ्या आयांना सांगतो.

पित्ताचंही तसंच. पाश्चात्त्य पुस्तकांत रुग्ण म्हणते, मला जाड व्हायची भीती वाटते. आपल्याकडे, आणि हाँगकाँगमधल्या डॉक्टरांनीही हे तीसेक वर्षांपूर्वीच नोंदवलंय, पुष्कळ रुग्ण जाडीचा विषयच काढत नाहीत. त्या म्हणतात, पोट भरल्यासारखं वाटतं, गॅस धरतो, घास खाली उतरत नाही. त्या खोटं बोलत नसतात, कमी खाऊन खाऊन जठर रिकामं व्हायला खरोखरच वेळ लागायला लागतो. मग पित्ताच्या गोळ्या होतात, एंडोस्कोपी होते, कावीळ उतरवून होते, कुणी नजर काढतं, कुणी देवाला गाऱ्हाणं घालतं. गाऱ्हाण्याला माझा विरोध नाही. गाऱ्हाणं घालून झाल्यावर रक्तातलं पोटॅशियम (ओकाऱ्यांनी ते उतरलं की हृदयाला धोका) तपासून घ्या एवढंच माझं म्हणणं.

आणखी एक गोष्ट पालकांना चकवते. मुलगी खात नाही, पण दिवसभर खाण्यातच गुंतलेली असते. मोबाइलवर रेसिपी बघते, चतुर्थीला सगळ्यांसाठी मोदक स्वतः वळते, वाढायला पुढे असते, स्वतः म्हणते मी मागाहून बसेन. घरचे म्हणतात, हिला खाण्याची एवढी आवड, हिला कसला आलाय आजार? अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली 36 धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. वजन चौथ्या हिश्श्याने उतरलं. ते तरुण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, एकेक जेवण तासन्‌तास रेंगाळत खायला लागले, चिडके झाले, मित्रांत मिसळेनासे झाले. ते सगळे पुरुष होते, आणि बारीक दिसायची हौस त्यांतल्या एकालाही नव्हती. तेव्हा तुमच्या विद्यार्थिनीची चिडचिड, एकटं बसणं, हट्ट यातलं बरंचसं तिच्या स्वभावातून आलेलं नाही, उपासमारीतून आलेलं आहे. ‘नाटकं करते’ म्हणणाऱ्यांना हे सांगा.

मुलांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहितो, कारण तुमच्या मैदानावर ती असणारच. नॉर्वेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उच्च पातळीच्या खेळाडूंत खाण्याचे आजार 13.5 टक्के आढळले, सर्वसामान्यांत 4.6 टक्के, खेळाडूंपैकी महिलांत 20 टक्के, पुरुषांत 8 टक्के. आठ टक्के म्हणजे काही नगण्य नाही. पण मुलगा ‘डायट करतो’ म्हटलं की घर अभिमानाने बघतं. आपल्या किनाऱ्यावर पहाटे वाळूत धावणाऱ्यांत निम्म्याहून जास्त पोरं भरतीची. पोलीस भरतीत मैदानी चाचणीच्या 50 पैकी 20 गुण 1600 मीटर धावण्याला आहेत, मुलींना ते 800 मीटरला. वीस गुणांसाठी एखादा मे महिन्याच्या दमट हवेत रेनकोट घालून धावतो, म्हणे घामातून चरबी जाते. जातं ते पाणी, आणि उष्माघाताने माणूस दगावतो. दुसरा दिवसभर चणे-गूळ नि पाण्यावर राहतो, रात्री घर झोपल्यावर टोपातला उरलेला सगळा भात खातो, आणि पहाटे ते फेडायला दुप्पट धावतो. तो कुणाला सांगणार? मित्र म्हणतील, बायकांचा आजार झाला. मुलांना पाळी नसते, त्यामुळे धोक्याची ती घंटाही नाही. त्यांना मी सकाळच्या लिंगताठरतेबद्दल सरळ विचारतो. ती महिनोन्‌महिने नसेल तर टेस्टोस्टेरॉन उतरलेलं असू शकतं. विचारलं की पोरं आधी लाजतात, मग हायसं वाटल्यासारखी बोलायला लागतात.

पाळीबद्दल मात्र तुम्ही स्वतः विचारू नका, सर. तुमचा हेतू कितीही चांगला असो. गावात लग्न न झालेल्या मुलीची पाळी चुकली म्हटलं की पहिला संशय कुठे जातो ते तुम्हाला मी सांगायला नको. तोच संशय तिलाही दिसतो, म्हणून ती आईपासूनही लपवते. पॅड विकत आणून कागदात गुंडाळून टाकून देणाऱ्या मुली मी बघितल्यात. ज्या बाईंच्या कानावर गोष्ट आली त्यांनाच बोलू द्या, एकटीशी, आणि पहिलं वाक्य असं असू दे: धावणाऱ्या मुलींचं खाणं कमी पडलं की पाळी थांबते, यात तुझं काही चुकलेलं नाही, पण हाडांसाठी हे तपासायला हवं. ‘ट्रेनिंग जोरात चालू असलं की पाळी जातेच’ असं मैदानावर बेफिकीर सांगितलं जातं. जाते हे खरं, पण ती जाणं म्हणजे काहीतरी कमी पडतंय. हाडांची बहुतेक सगळी जमा विशीच्या आतबाहेर होऊन जाते, तेव्हा या दोन-तीन वर्षांत जे राहिलं ते नंतर पुरतं भरून निघत नाही. आणि पाळी आणायची म्हणून नुसत्या हार्मोनच्या गोळ्या देणं म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर झटकणं. रक्तस्राव होतो, घरचे निर्धास्त होतात, खाणं होतं तिथेच राहतं.

आता नावाच्या भीतीबद्दल. राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे, आणि अर्ध्या कोकणात ‘हिला रत्नागिरीला न्या’ ही थट्टा आहे. तिथे चांगलं काम करणाऱ्यांचा त्यात काय दोष, पण या थट्टेमुळे माझ्या दारात येणारी माणसं रिक्षा आधीच्या नाक्यावर सोडतात. सोयरिकीच्या वेळी कुणी तरी काढेल ही भीती खोटी नाही, मी तिला हसत नाही. म्हणून सुरुवात माझ्यापासून करूच नका. नडगी दुखतेय, हाडाच्या डॉक्टरांकडे जा. लाज वाटावी असं त्यात काही नाही. त्यांना एवढं सांगा की पाळी बंद आहे आणि खाणं कमी आहे, म्हणजे ते मलमपट्टीवर सोडणार नाहीत. नडगीवर बोटाने दाबल्यावर एकाच जागी टोचल्यासारखं दुखत असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा असण्याची शक्यता धरायची. पहिल्या काही आठवड्यांत साध्या एक्स-रेत तो बहुतेक वेळा दिसत नाही, ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणून पुन्हा मैदानात उतरवू नका. दुखणं जांघेत असेल तर त्याच दिवशी धावणं बंद, कारण तिथला तडा पुरता मोडला तर शस्त्रक्रियेपर्यंत जातं. त्यासोबत रक्तातलं हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), व्हिटॅमिन डी, थायरॉइड, सोडियम-पोटॅशियम, आणि एक ईसीजी. स्त्रीरोगतज्ज्ञ गर्भारपणाची चाचणी करतील, ती नेहमीची पद्धत आहे, आईला आधी समजावून ठेवा. हाडांच्या घनतेच्या डेक्सा तपासणीला सिंधुदुर्गातून कोल्हापूर किंवा गोवा गाठावं लागलं, तरी तिच्यावाचून उपचार अडत नाहीत.

नाडीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे डॉक्टरसुद्धा फसतात. नाडी 46 लागली, तर ‘अरे वा, खेळाडूचं हृदय’ म्हणून सोडून देतात. लांब पल्ल्याच्या धावपटूची नाडी मंद असते हे खरं. पण तशीच मंद नाडी उपासमारीनेही होते, आणि कागदावर दोन्ही आकडे सारखेच दिसतात. म्हणून झोपवून मोजायची, मग उभं करून दोन-तीन मिनिटांनी पुन्हा मोजायची, रक्तदाबासकट. तंदुरुस्त मुलीचं फार काही बदलत नाही. उपाशी मुलीची नाडी उभं राहिल्यावर एकदम उसळते, रक्तदाब पडतो, डोळ्यांसमोर अंधारी येते. हात बर्फासारखे गार, नखं निळसर, दंडावर-पाठीवर बारीक लव. ओकाऱ्या काढणारी असेल तर गालांखालच्या ग्रंथी सुजलेल्या, पुढच्या दातांची आतली बाजू झिजलेली, बोटांच्या पेरांवर घट्टे.

तिच्याशी बोलताना ‘तू बारीक झालीस’ नको, ‘आजारी दिसतेस’ही नको, आजाराला ती शाबासकी वाटते. जे डोळ्यांनी दिसलं तेच बोला: तू डबा एकटी खातेस, सुट्टीचं नाव काढलं की रडतेस, पहिल्यासारखी हसत नाहीस, मला काळजी वाटते. मग गप्प बसा. ती नाकारेल, चिडेल. हरकत नाही, विषय दारातून आत गेला. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. ती सतरा वर्षांची आहे, आईवडील लागणारच. चारचौघांत वजन घेणं, वजनं फळ्यावर लिहिणं हे तुमच्या मैदानावर चालत असेल तर उद्यापासून बंद करा, तिच्यासाठी म्हणून नाही, सगळ्यांसाठी. गणपतीत मुंबईहून आलेले काका ‘तब्येत सुधारली गो तुझी!’ म्हणतात आणि आमची तीन महिन्यांची मेहनत ओटीवर सांडते, तर प्रशिक्षकाच्या तोंडून आलेल्या शब्दाचं वजन किती असेल?

वडिलांशी भांडू नका. ते मुलीच्या पदकावर जीव टाकणारे आहेत, तोच धागा पकडा. त्यांना सांगा, हे असंच चाललं तर पुढच्या मोसमात ती धावू शकणार नाही. हाड मोडेल, लोह उतरेल, टायमिंग घसरेल. हे घाबरवणं नाही, बहुतेकींचं होतं तेच आहे. आणि ‘उपचार म्हणजे खेळ संपला’ असं ते म्हणाले तर त्यांना मॉली सायडेलचं नाव सांगा. या अमेरिकन धावपटूने खाण्याच्या आजारावर उपचार घेतल्याचं स्वतः जाहीर केलंय, आणि त्यानंतर 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये ब्राँझ मिळवलं. तिचाही रस्ता सरळ नव्हता, पदकानंतरही त्रास उलटला होता, तेही तिने लपवलं नाही. बरं होण्याला महिने नाही, बऱ्याचदा वर्षं लागतात. या वयात सर्वांत चांगला उतरणारा उपचार घरातूनच होतो: काही काळ जेवणाची सूत्रं आईवडिलांनी हातात घ्यायची, काय नि किती हे तिने ठरवायचं नाही, ताटासमोर सोबत बसायचं, भांडण न करता. मी आणि आहारतज्ज्ञ मागे असतो. पंक्तीत बसून जेवायची सवय अजून ज्या घरांत आहे तिथे हे सोपं जातं. आई शेतावर, वडील बोटीवर, मुलगी एकटी चुलीपाशी असं असेल तर आत्या, काकी, शेजारची वहिनी, कुणाला तरी जोडून घ्यावं लागतं. बऱ्याच दिवसांची उपासमार असेल तर मात्र एकदम ताट भरून वाढू नका. अचानक खाणं वाढलं की रक्तातलं फॉस्फेट कोसळून हृदयाला धोका होतो, तेव्हा सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

काही गोष्टींना थांबायचं नाही, सरळ दवाखान्यात न्यायचं: शुद्ध हरपणं, छातीत धडधड किंवा दुखणं, दिवसा बसलेली असताना नाडी 50 च्या खाली आणि सोबत चक्कर, रोजच्या ओकाऱ्या, पाणीसुद्धा नाकारणं, आणि जगण्यात अर्थ नाही अशी भाषा. मानसिक आजारांत मृत्यूचं प्रमाण सर्वांत जास्त असलेल्यांपैकी अ‍ॅनोरेक्सिया एक आहे, त्यात आत्महत्याही येतात. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग असतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांनी फोन करून विचारलं तरी मी सांगू शकत नाही, आणि सांगत नाही.

धावण्याचं म्हणाल तर तडा निघाला, किंवा नाडी-रक्तदाब बिघडलेला असला, तर पूर्ण बंद. तसं नसेल तर मी सहसा सगळं तोडत नाही. धावणं तिच्याकडे उरलेली एकमेव गोष्ट असते, ती काढून घेतली तर उपचारांना ती शत्रू समजते. सराव कमी करायचा, अंतर आणि दिवस लिहून ठरवायचे, आणि दर आठवड्याला खाणं, तपासण्या, झोप बघून थोडा थोडा परत द्यायचा. ज्या काळात ती धावू शकत नाही त्या काळातही तिला संघातच ठेवा: स्टॉपवॉच तिच्या हातात द्या, लहान मुलींचा वॉर्मअप तिला घेऊ दे, संघाच्या फोटोत ती असू दे. निवड चाचणी तोंडावर असेल तर ती धावणार की नाही हे तुम्ही ठरवू नका, वडिलांनीही नाही, तिनेही नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी चिठ्ठी घ्या, त्यात किती अंतर, आठवड्याला किती दिवस आणि पुन्हा केव्हा दाखवायचं हे स्पष्ट लिहून मागा, आणि तिची एक प्रत आईकडे राहू द्या.